पेळूचं अंथरूण

गोजरबाई कापसात हात घालायची तेव्हा डोळे मिटायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई डुलकी काढते. मी खामगावातल्या एका जिनात प्रेसवर होतो, रुईच्या गठाणी बांधायला. ती रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या, अलीकडे बायकांच्या ओळीत बसून कापूस निवडायची. पान, काडी, पिवळं पडलेलं बोंड बाजूला; स्वच्छ कापूस पुढे यंत्रात. बाकीच्या बायका डोळ्यांनी निवडायच्या, ही बोटांनी. मुकादमानं एकदा हटकलं, "ओ बाई, डोये उघडा. झोपायले आल्या का?"

"डोयाले सगळा पांढराच दिसते," ती म्हणाली. "ओल बोटालेच समजते."

तिनं बाजूला काढलेल्या ढिगात चांगला कापूस सापडत नसे आणि पुढे ढकललेल्या ढिगात कचरा सापडत नसे. काम एवढंच असतं. पण एवढं नीट करणारी माणसं मी थोडी पाहिली.

जिन बंद पडलं आणि आम्ही दोघंही घरी बसलो. तिचं घर माझ्या घरासमोर, गल्लीच्या त्या बाजूला. पुढे ओटा, एकामागे एक दोन खोल्या, शेवटी मोरी. नवरा ट्रकवर होता, तो लग्नानंतर थोड्याच दिवसांत घाटातल्या अपघातात गेला. मूल नव्हतं. पुढे भाऊ वारला तेव्हा भावाचा मुलगा अविनाश याला तिनं शिकायला आपल्याकडे आणलं. त्यांचं गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. पोरगं आलं तेव्हा प्राथमिक शाळेत होतं, गेलं ते बारावी होऊन.

दुपारच्या सुट्टीत जिनातल्या बायका झाडाखाली आडव्या व्हायच्या. ही घरी पळायची, पोराला गरम भाकर टाकून द्यायची आणि भोंग्याच्या आत परत यायची. घरात शिरण्याआधी दारातच पदरानं अंग झटकायची. पोराच्या वह्यांवर रुई पडू नये म्हणून. हे मी रोज पाहत होतो, कारण माझी दुपारची भाकर मी माझ्या ओट्यावर खायचो.

अविनाश गावी जाऊन शेती बघू लागला. फवारणी पंप दुरुस्तीचं दुकानही टाकलं, ते चाललं. लग्न झालं, मुलगी झाली. खामगावच्या बाजाराला आला की आत्याकडे यायचाच. चप्पल काढून थेट चुलीपाशी जायचा आणि भांड्यांवरची झाकणं उचलून बघायचा. "आत्या, काय केलं वं आज?" तिला ते फार आवडायचं. तो येणार असला की मुद्दाम सगळ्या भांड्यांवर झाकणं ठेवायची. गल्लीत नवीन कोणी राहायला आलं की ती पहिली ओळख हीच सांगायची, "माहा अविनाश आहे ना, तिकडं संग्रामपूरकडं."

मागच्या खोलीत ती भाडेकरू ठेवायची. शेवटची भाडेकरू सुचिता म्हणून नर्सिंगचं शिकणारी मुलगी. तिनं पांढरा ससा पाळला होता. नोकरी लागली, ती दुसऱ्या शहरात निघाली. "मावशी, महिनाभर ठेवाल का? खोली मिळाली की घेऊन जाईन." महिना गेला, पावसाळा गेला. फोन लागेना.

मी म्हणालो, "गोजरबाई, ती काही येत नाही आता."

"नाई येत तं नाई येत," ती म्हणाली. "त्याले काय घराबाहेर काढू? त्याले कोणाचा पत्ता ठाव आहे?"

सुचितानं त्याचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. गोजरबाईच्या तोंडी ते बसेना. तिनं त्याला पेळू म्हणायला सुरुवात केली. तिची आई चरख्यावर सूत कातायची. पिंजलेल्या कापसाची वळी करून ठेवतात, तो पेळू. ससा अंग आखडून बसला की हुबेहूब तसाच दिसायचा.

मला जनावरांचं वेड नाही. पण हे जनावर तिच्या पायाशी असायचं. ती ताटलीवर बोटानं टकटक करायची की कुठूनही यायचा. भाजी निवडताना तिच्या पायाचा अंगठा चाटायचा. ती म्हणायची, "पाहा भगवंतभाऊ, याले वाटते मी मिठाची आहो." ज्या बाईला आयुष्यभर कोणी लवकर ये म्हणालं नव्हतं, ती पेळूसाठी बाजारातून लवकर परत यायला लागली.

दिवाळी झाली आणि अविनाश टेम्पोभर कापूस घेऊन आला.

"आत्या, घराचं प्लास्टर काढलं. ठेवाले जागा नाई. भाव वाढला की इथूनच बाजारात टाकतो. तुही मागची खोली रिकामीच आहे ना?"

"तुह्याच बापाच्या बहिणीची आहे," ती म्हणाली. "विचारतो काय बे? टाक."

नवीन भाडेकरू बघायला येणार होता, त्याला तिनं नको म्हणून कळवलं. हमालांनी गाठोडी आत नेऊन मोकळी केली. मागची खोली भिंतीच्या निम्म्यापर्यंत भरली. अविनाश दारात उभा राहून हमालांना सांगत होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल. आत गेला नाही. त्या दिवशी मला ते फक्त आळशीपणाचं वाटलं. शेतकऱ्यानं स्वतःच्या कापसाला हात लावू नये, हे मला पटलं नाही, एवढंच.

गोजरबाईनं ढिगात हात घातला, डोळे मिटले.

"अविनाश, ओल आहे रे याच्यात."

"वेचणीच्या वक्ताले पाणी आलं ना, आत्या. सुकन."

"दाबून नको भरू. पसरू दे."

"तू पाय ना मग. तुह्याइतकं कोणाले समजते?" तो हसला. तीही हसली. कापसाच्या खोलीच्या दोन किल्ल्या केल्या, एक त्यानं नेली.

त्या दिवसापासून तिला काम मिळालं. कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी स्वयंपाक उरकला की मागच्या खोलीत बसायची, कापूस वर-खाली करायची, ओला भाग ओट्यावर चादरीवर सुकवायची, काडी-कचरा काढायची. मी म्हणालो, "बाजारात काय निवडलेल्याचा वेगळा भाव देतात का?"

"देत नाईत. पण अविनाशचा आहे ना."

थंडी पडली. पेळूचा खोका दोन खोल्यांच्या मधल्या दाराशी होता. त्यात पूर्वी गोणपाट असायचं. आता तिनं ढिगातला सगळ्यात चांगला कापूस निवडला, लांब धाग्याचा, एक डाग नसलेला, आणि त्याची गादी करून खोक्यात घातली. मला बोलावून दाखवली. खरं सांगायचं तर तशी गादी मलाही कोणी दिली नव्हती.

संक्रांतीच्या आसपास पेळू खाजवू लागला.

आधी कानामागे. मागचा पाय उचलून टकटक टकटक, थांबतच नसे. मग मान झटकायचा. मग पोटाखाली चावायचा. काही दिवसांत कानामागचे केस गेले, तिथली कातडी लाल झाली, वर कोंड्यासारखं काही. पोटाला बारीक पुरळ. रात्रंदिवस एका जागी बसेना. चारा टाकला तर अर्धा खाऊन खाजवायला लागायचा.

गोजरबाईनं जे माहीत होतं ते सगळं केलं. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुतलं. मी त्याला धरायचो, ती धुवायची. एवढासा जीव, पण अशी धडपड की माझ्या हातावर नखं उमटली. ओला झाल्यावर तो थरथरत राहायचा. ती त्याला पदरात गुंडाळून उन्हात बसायची. मग करंजाचं तेल लावलं. तेलानं केसांचे गुच्छ झाले, तो ते चाटत बसला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं खाल्लं नाही. आणि प्रत्येक वेळी धुतल्यावर ती खोक्यातला जुना कापूस काढून टाकायची आणि ढिगातून नवा, आणखी चांगला, निवडून घालायची.

तिच्या हातांनाही पुरळ होतं. पण आम्हा जिनातल्या माणसांचं अंग हंगामभर खाजायचंच. संध्याकाळी अंघोळ केली की विसरायचो. कापसानं खाज येते हे आम्हाला इतकं जुनं माहीत होतं की ते आमच्या लक्षातच आलं नाही. आम्ही खोका आणला कुठून, पाणी बदललं का, चाऱ्यावर फवारणी होती का, सगळं तपासलं. कापसाकडे कोणी बोट दाखवलं नाही. कापूस म्हणजे तिच्या लेखी घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू.

मग गल्ली बोलायला लागली. शेजारी लक्ष्मीकांत म्हणून कारकून राहतात. त्यांची बायको स्नेहलता ओट्यापाशी आली.

"गोजरबाई, रागावू नका हं. पण आमच्या विहंगला अंगभर खाज सुटलीय. तो तुमच्या सशाशी खेळतो ना."

"खेयते तं खरं. त्या कापसावर उड्या मारते ससा घेऊन. मी नाई म्हणते, आयकत नाई."

"तेच म्हणते मी. ससा घेऊन. डॉक्टरांकडे दोनदा नेलं. मलम लावलं की थांबतं, इथून आला की परत सुरू."

"मंग पाठवू नका," गोजरबाई म्हणाली.

"आम्ही नाही पाठवणार. पण जनावराचा रोग भिंत थोडीच बघतो?"

त्याच आठवड्यात अविनाश आला. भाव बघायला आला होता. स्नेहलतानं त्यालाच मध्ये घेतलं. "अहो, तुम्ही तरी सांगा आत्यांना. शिकलेले आहात."

अविनाशनं खोक्यात बसलेल्या पेळूकडे पाहिलं. मग मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "सशाचंच आहे हे, आत्या. सशाची खाज माणसाले लागते. वाचेल आहे मी."

"तुले पक्कं माहीत आहे?"

"हाव ना. काढून टाक त्याले. तुलेबी झाली ना हातावर? पाय. रविवारी मी गाडी घेऊन येतो, त्याले नेतो. आमच्या शिवाराच्या वर जंगल लागते. तिथं सोडतो. मोकया राहीन."

"पायलेलं जनावर जंगलात कसं राहीन रे? त्याले ताटली वाजवल्याबिगर खायचं समजत नाई."

"शिकते. ससाच आहे ना शेवटी."

स्नेहलता म्हणाली, बरं होईल. आणखी दोघं-तिघं जमले होते, ते म्हणाले, बरोबर आहे. गोजरबाईनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी अविनाशच्या. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तिनं त्याची गल्लीत धिंड काढली असती. पण अविनाशनं सांगितलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "रविवारी ने."

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "भगवंतभाऊ, जनावरांच्या दवाखान्यात येता का माह्यासंग?"

"रविवारी जाणारच आहे ना तो?"

"जाणार आहे म्हणूनच. खाजवत नाई पाठवत त्याले. बरा करून पाठवते. तिथं कोण पाहीन त्याले?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तिनं टोपलीत कापूस घालून, वर पेळू बसवून, पदराखाली धरला होता. दवाखान्यात एक म्हैस, दोन शेळ्या आणि कुत्रं घेऊन आलेला एक माणूस. तो कुत्रेवाला हसला. "मावशी, भाजी करायची का याची?"

"तुह्या कुत्र्याले बांध आधी," गोजरबाई म्हणाली. "भाजी कोणाची व्हते थे मंग पाहू."

डॉक्टर तरुण बाई होत्या, हिमानी नाव. पेळूला टेबलावर घेतलं, एका हातानं मागचा भाग आधार देऊन, जसा घ्यायला हवा तसा. कानात बॅटरी मारली. केस फुंकून कातडी पाहिली. लाल भागावरून बारीक खरवड काढून काचपट्टीवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. घाई नाही. मला काम आवडलं.

"खरूज नाही दिसत," त्या म्हणाल्या. "कानही स्वच्छ आहेत. तेल कोणी लावलं?"

"मीच. करंजाचं."

"आजी, ससा चाटतो, तेल पोटात जातं. आणि धुवायचं नाही याला. थंडीत तर अजिबात नाही. भीतीनंसुद्धा मरतात ससे." त्या रागावल्या नव्हत्या, पण गोजरबाईनं मान खाली घातली. "कुत्र्याचं खाजेचं औषध नाही ना घातलं? काही औषधं कुत्र्याला चालतात, सशाचा जीव घेतात."

"नाई, थे नाई."

"झोपतो कशावर?"

"कापसावर," गोजरबाई म्हणाली. यावर ती ताठ झाली. "निवडून घालते. एक काडी नसते त्याच्यात."

डॉक्टरबाईंनी टोपलीतला कापसाचा गोळा उचलला, टेबलावर पांढरा कागद पसरला आणि त्यावर तो हळू झटकला. आम्ही तिघांनी वाकून पाहिलं. कागदावर बारीक, तिळाहून लहान काहीतरी पडलं. मग ते चालायला लागलं.

"कापूस घरात साठवलाय का?"

"माह्या भाच्याचा आहे. मागची खोली भरून."

"ओला होता?"

गोजरबाई थांबली. "व्हता."

"साठवलेल्या कापसात असे किडे होतात. हे डोळ्याला दिसतात, काही दिसतही नाहीत. माणसांनाही चावतात, गांध्या उठतात. या हंगामात दर आठवड्याला कोणीतरी सांगत येतं, घरात कापूस ठेवला आणि सगळ्यांना खाज सुटली. हात दाखवा बघू तुमचे." गोजरबाईनं बाह्या वर केल्या. "तुम्हीही माणसांच्या डॉक्टरला दाखवा. आणि कापूस घरातून काढा. ससा त्या खोलीपासून दूर ठेवा, खाली कोरडं गवत घाला. हे औषध मी वजनावर देते, एवढंच द्यायचं. बरा होईल."

"म्हंजे याच्यानं कोणाले खाज लागली नाई?"

"याच्यानं नाही. यालाच लागली आहे."

बाहेर आलो. कुंपणाला टेकायला कट्टा होता, तिथं ती बसली. टोपली मांडीवर. आतला कापूस डॉक्टरबाईंनी काढून घेतला होता, खाली वर्तमानपत्र होतं. ती पेळूच्या पाठीवर हात ठेवून होती आणि तो हाताखाली आकसून बसला होता.

"मीच घालत व्हती," ती म्हणाली. "जसा जसा खाजवे, तसा तसा आणखी घालत व्हती."

मग ती म्हणाली, "अविनाशले फोन लावून द्या. त्याले सांगू द्या, सशाचं नाई म्हणून. बिचाऱ्याले माहीत नाई. त्याच्या घरी लेकरू आहे, उरलासुरला कापूस असन घरात, तं त्याले खाज सुटन."

मी फोन लावून दिला. ती फोन भाकरीसारखा तोंडासमोर धरते आणि स्पीकर चालू ठेवते. अविनाश शेतात गेला होता, फोन घरी होता. त्याच्या बायकोनं, दीपमालानं उचलला.

"आत्याबाई! कशा आहा?"

"बरी आहो. आयक वं दीपमाला, घरात कापूस असन तं बाहेर काढ. खाज सुटते त्याच्यानं. आता डॉक्टरीणबाईनं सांगितलं. गार्गीले जवळ जाऊ देऊ नको."

"अवं आत्याबाई, आमचा तं कधीचाच काढला ना. गार्गीच्या आंगावर काय गांध्या उठल्या व्हत्या माय! पोट्टी रातभर रडे. शेगावच्या डॉक्टरनं सांगितलं, घरातला कापूस हालवा, दुसरं काई नाई. म्हणून तं यायनं दिवाळी झाली की तुमच्याकडं आणून टाकला. तवापासून पोट्टी कशी चांगली आहे पाहा. तुमचेच उपकार म्हणते मी, कोण घेते असं?"

गोजरबाई ऐकत होती.

"अन् प्लास्टर?" तिनं विचारलं.

"कायचं प्लास्टर?"

"काई नाई," गोजरबाई म्हणाली. "गार्गीचा मुका घेजो." तिनं फोन माझ्याकडे दिला. बंद कसा करायचा ते तिला येत होतं, तरी दिला.

चालताना टोपली या हातातून त्या हातात घेतली नाही, मला घेऊ दिली नाही. घरी आल्यावर खोका उन्हात टाकला, पेळूला पुढच्या खोलीत आणलं, शेजारच्या गोठ्यातून कोरडं गवत मागून आणलं. मागच्या खोलीचं दार लावलं आणि दाराखालच्या फटीत ओला कपडा कोंबला. मी म्हणालो, "अविनाशला फोन करू का? कापूस न्यायला?"

"रविवारी येतेच ना," ती म्हणाली.

रविवारी तो सकाळीच आला. हातात पुठ्ठ्याचं खोकं, वर हवेसाठी भोकं पाडलेली. पूर्ण बाह्यांचा शर्ट. चप्पल काढली, सवयीनं चुलीकडे गेला. भांडी पालथी होती.

"आत्या, काय वं, आज काई केलं नाई? कुठी आहे तुहा पाहुणा? चला पेळूशेठ, गाडी लागली."

मी माझ्या ओट्यावरून उठून तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिनं बोलावलं नव्हतं.

"पेळू राहते," गोजरबाई म्हणाली. "कापूस ने."

"आता? भाव कुठी आहे आता? पुढच्या महिन्यात…"

"आज ने."

"आत्या, सशापायी…" तो माझ्याकडे वळला. "भगवंतकाका, तुम्ही सांगा ना. गल्लीभर खाज पसरून राह्यली."

"गार्गी कशी आहे?" गोजरबाईनं विचारलं.

त्याच्या हातातलं खोकं खाली आलं. दीपमालानं त्याला फोनचं सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असेल आणि त्याला वाटलं असेल, आत्या आहे, होऊन जाईल.

"आत्या, लेकरू व्हतं घरात," तो हळू म्हणाला. "रातभर रडे. मी काय करू?"

"काढाचाच व्हता. म्या कुठी म्हटलं ठेव? तू मले सांगितलं असतं का याच्यात कीड आहे, तं मी चादर टाकून, औषध मारून, ओट्यावर ठेवला असता. नाई तं ताडपत्री घालून बाहेर. मी नाई म्हटलं असतं का तुले?"

"नाई."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

तो खोक्याची भोकं बोटानं चाचपत राहिला.

"तिथं लेकरू व्हतं म्हणून काढला. अन् इथं?"

"इथं कोण व्हतं, आत्या?" तो म्हणाला.

तो वाईट हेतूनं म्हणाला नाही, हे मला लिहिलं पाहिजे. खरंच त्याला तसंच वाटत होतं. इथे कोणी नव्हतं, म्हणून इथे आणून टाकला. मी गोजरबाईकडे पाहायचं टाळलं.

मग ती म्हणाली, "हमाल आणू नको. तू भर."

त्यानं भरला. दिवसभर लागला. मी उठलो नाही, मदत केली नाही. गाठोडं बांधताना तो कापूस दाबायचा नाही, सैल बांधायचा, दारातून निघताना निम्मा सांडायचा. ज्या बाईनं आयुष्यभर खाली पडलेलं बोंड उचलून पदरात घेतलं, ती ओट्यावर बसून सांडलेला कापूस बघत होती. एक बोंडही उचललं नाही. दुपारी तो बाह्या वर करून खाजवत होता. तिनं त्याला पाणी दिलं. तांब्या ओट्यावर ठेवला आणि मागे सरली.

जाताना तो म्हणाला, "आत्या, येतो."

"किल्ली," ती म्हणाली.

त्यानं खिशातून किल्ली काढून तांब्याशेजारी ठेवली. पुठ्ठ्याचं खोकं विसरून गेला. तिनं ते दुसऱ्या दिवशी पाणी तापवायला चुलीत घातलं.

गल्लीतल्या पोराची खाज काही दिवसांत थांबली. स्नेहलता त्याबद्दल काही बोलली नाही. भेटली की हवेबद्दल बोलते.

पेळूही सुधारला. कोंडा गेला, लाली गेली, कानामागे आधी करडी लव आली, मग पांढरे केस. औषध तिनं एकदाही चुकवलं नाही. पण तो तिच्याकडे येईना. ताटली वाजवली की कपाटाखालून तोंड काढायचा आणि ती हलली की परत आत. माझ्या हातून हरभऱ्याचा पाला खायचा. खरं म्हणजे कडुलिंबाच्या पाण्यात बुडवताना धरलं मी होतं. पण त्याच्या लक्षात तिचा हात राहिला, तेल लावणारा.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "त्याले काय माहीत, कायले धरलं व्हतं."

"तुझ्या मनात काही वाईट नव्हतं," मी म्हणालो.

"मनातलं त्याले कुठी दिसते? त्याले हातच दिसते."

होळीच्या सुमारास अविनाश आला, तेव्हा मी तिच्याकडेच बसलो होतो. बागेतल्या संत्र्यांची पिशवी घेऊन. चप्पल काढली आणि उंबऱ्यापाशी थांबला. तिनं आत ये म्हटलं नाही, बाहेर थांब असंही म्हटलं नाही. चहा दिला. गार्गीची परीक्षा विचारली, दीपमालाच्या आईचं दुखणं विचारलं. सगळं नीट विचारलं. तो आत चुलीकडे बघत होता. भांड्यांवर झाकणं नव्हती, सगळं उघडं, तिथूनच दिसत होतं काय केलंय ते.

"राग गेला नाई का अजून, आत्या?"

"राग नाई रे बाबा."

"मंग?"

तिनं त्याचा रिकामा कप उचलून आत नेला. तो उठला, संत्र्यांची पिशवी उंबऱ्यावर ठेवून गेला. गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला तरी ती पिशवीला हात लावेना.

मग तिनं सकाळचा हरभऱ्याचा पाला घेतला, कपाटापासून थोडा अलीकडे जमिनीवर ठेवला आणि स्वतः मागे सरकत भिंतीपर्यंत जाऊन बसली. पाठ टेकली, हात पदराखाली घेतले. हलायचं नाही म्हणून. मलाही म्हणाली, "चूप बसा, भगवंतभाऊ." आम्ही दोघं तसेच बसलो. बऱ्याच वेळानं पेळू बाहेर आला, तिच्याकडे एक डोळा ठेवून एक काडी ओढली आणि तिथंच खायला लागला. आत नेली नाही.

"आज इथंच खाल्लं," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

पिशवी उंबऱ्यावरच होती.